दिले की नो

निघण्याआधी

जायचं होतं हवानाला आणि गेलो कॉनेमाराला. हे सांगितलं की लोक हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते. कुठे क्यूबातलं ऊन आणि कुठे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे दगड, मेंढ्या आणि आडवा पाऊस! पण आमच्या सोळा जणांच्या सहलीचं नाव शेवटपर्यंत ‘क्यूबन नृत्य आणि संस्कृती अभ्याससहल’ असंच राहिलं. आमच्या शिक्षिकेनं, यामिलानं, ते बदलू दिलं नाही.

यामिला मूळची क्यूबातल्या सांतियागोची, पण डब्लिनमध्ये येऊन तिला पंधरा वर्षं झालेली. आमच्या डून लेरीतल्या एका हॉलमध्ये ती दर गुरुवारी संध्याकाळी कासिनो शिकवायची. कासिनो म्हणजे क्यूबातला जोडीनं करायचा नाच. अनेक जोड्या गोलात उभ्या राहून तोच नाच करू लागल्या की त्याला रुएदा म्हणतात, म्हणजे चाक. एकजण मोठ्यानं हुकूम सोडतो आणि त्याबरहुकूम सगळं चाक एकाच वेळी फिरतं. ‘दामे’ म्हटलं की आपला जोडीदार सोडून पुढचा घ्यायचा. मला पहिल्याच दिवशी वाटलं, ही तर आपली मंगळागौर, फक्त पुरुषांना आत घेतलंय.

मी सँडीफोर्डच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, संध्याकाळी स्वतःच्या पायांच्या मोजायच्या, असा माझा गुरुवार असे. २०२०च्या एप्रिलमध्ये यामिला आम्हा सगळ्यांना पंधरा दिवस हवानाला नेणार होती. मार्चमध्ये काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

त्याच हिवाळ्यात माझी आई नागपूरहून आमच्याकडे आली होती. तीन महिन्यांसाठी आलेली आई विमानं बंद झाल्यामुळे दहा महिने राहिली. आमचा नाचाचा वर्ग लॅपटॉपवर भरू लागला, जुने बहुतेक गळाले, देशभरातून नवे लोक आले आणि मला घरात जोडीदार मिळेना. नवरा, संदीप, लग्नाच्या वरातीतही नाचला नव्हता. मुलगी इरा तेरा वर्षांची, म्हणजे आईबरोबर नाचणं हा तिच्या दृष्टीनं गुन्हाच. उरली आई. सुती साडी, वर माझा जुना स्वेटर, पाय अनवाणी, अशी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सांग, कुठं पाय ठेवू?”

मी पुरुषाच्या जागी, ती बाईच्या. दोघींचंच चाक.

कासिनोत एक चाल पुन्हापुन्हा येते. जोडीदाराला आपल्या उजव्या बाजूनं, समोरून डावीकडे न्यायचं आणि समोरासमोर उभं राहायचं. तिचं नाव यामिला भरभर उच्चारायची, ‘दीले के नो!’ आईला ते ऐकू यायचं, ‘दिले की नाही?’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती थबकली. “काय देल्लं म्हून इचारते वो थे?” मी म्हटलं, “तुझा हात दिलास का, असं विचारतेय.” मी सहज मारलेली थाप होती. पण तेव्हापासून यामिलानं ‘दीले के नो’ म्हटलं की आई हात पुढे करून, दर वेळी एक ठेका उशिरा, खणखणीत ओरडायची, “हो वो, देल्ला!”

लॅपटॉपवरच्या पंधरा खिडक्यांमध्ये हशा पिकायचा. तीन आठवड्यांत सगळे आयरिश तिच्याबरोबर ओरडायला लागले, ‘होवो देला!’ नंतर वर्गात आणखी दोघं आले, त्यांनी तर हा शब्द स्पॅनिश समजून वहीत लिहून घेतला.

यंदाच्या एप्रिलमध्ये आई गेली, तिकडे नागपुरातच. दुसरी लाट. दादानं फोनवरून जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवलं. मी वर्गात जाणं बंद केलं आणि कारण दिलं, काम वाढलंय. नाचाच्या लोकांपैकी कुणालाही मी काहीच सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये यामिलाचा फोन आला. नाचाचे वर्ग पुन्हा उघडताहेत. हवाना अजून लांब आहे, पण कॉनेमारात एक गावहॉल सहा दिवस मिळतोय. “मला पुरुषाच्या जागी नाचणारे कमी पडताहेत. तू हवीस.” मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात मागून इरा म्हणाली, “जस्ट गो, मॅम.” आयर्लंडमध्ये मॅम म्हणजे आई. दादाला कळवलं तर तो म्हणाला, “मंजू, पितृपक्ष चालू आहे. वर्षही झालेलं नाही. आणि तू नाचायला चाललीस?”

मी फोन ठेवला आणि बॅग भरली.

रविवार

गाडीतून ॲथलोनला शॅनन नदी ओलांडली आणि पलीकडचं आभाळ वेगळंच दिसू लागलं, खाली उतरून आलेलं. गॉलवेहून पुढे मिनीबस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चुन्याशिवाय रचलेली दगडी कुंपणं. इतकी कुंपणं आणि आत राखण्यासारखं काय, तर मूठभर गवत. आमच्याकडच्या बरड रानाची आठवण झाली, फक्त इथे सगळं भिजलेलं.

बसमध्ये पहिल्यांदाच सगळे एकमेकांना कमरेखालीसुद्धा दिसत होते. दीड वर्ष नुसते खांदे आणि डोकी पाहिलेली माणसं. डेक्लन हा निवृत्त बसचालक सहा फूट चार इंच निघाला, तर मोठ्या आवाजाची ब्रीड माझ्या खांद्याला लागेल एवढी. ब्रीड चौऱ्याहत्तर वर्षांची, एका खेड्यात पोस्ट सांभाळून निवृत्त झालेली, कानांनी जरा कमी. आईचं आणि तिचं पडद्यावर फार जमायचं. एक पापड वर धरून दाखवी, दुसरी विणकाम. दोघी एकमेकींच्या भाषेतलं काही न कळता तारस्वरात बोलत.

ब्रीडनं माझ्याशेजारी बसता बसताच विचारलं, “आणि मॅम कशी आहे?”

सगळी बस माझ्याकडे वळली. पंधरा चेहरे, मास्कवरचे हसरे डोळे.

“शी इज ग्रँड,” मी म्हणाले.

आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’चा अर्थ भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक. छत्री मोडली तरी ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड. विषय मिटवायला हा शब्द फार सोयीचा. दहा वर्षांत मलाही त्याची सवय लागली आहे. तो तोंडातून गेला, आणि गेला तो गेलाच.

हॉल म्हणजे गावच्या चर्चमागची लांबट इमारत. आत ओल आणि जळत्या पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या सरपणाचा, वास, भिंतीवर जुन्या फुटबॉल संघांचे फोटो. लाकडी जमीन बुटांना चिकटत होती. हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या आजोबांनी ती पाहिली, दोन मेणबत्त्या आणल्या आणि किसणीवर किसून त्यांचा कीस जमिनीवर भुरभुरला. त्यांच्या तरुणपणी आयरिश नाचांआधी असंच करत म्हणे. त्यांच्या नाचातही जोड्या गोलात असतात आणि कुणीतरी हुकूम देतं. यामिला हरखली. “बघा, आपण परक्या घरी आलेलो नाही!”

संगीत लागलं. खिडक्या नियमाप्रमाणे सताड उघड्या, त्यामुळे अंगात कोट घालून क्यूबन नाच. यामिलानं हात वर केला आणि हुकूम सोडला, “दीले के नो!”

पंधरा जण एका सुरात ओरडले, “होवो देला!”

माझे पाय जागच्या जागी थांबले. माझी तेव्हाची जोडीदारीण, कॉर्क शहरातून आलेली बाई, मला येऊन धडकली. तिनंच माझी माफी मागितली.

सोमवार

रोजचा क्रम असा: सकाळी नाच, दुपारी अभ्यास, संध्याकाळी स्वयंपाक आणि डॉमिनो. डॉमिनो हा क्यूबात म्हाताऱ्यांचा खेळ समजतात. आमच्यात डेक्लनला सोडून कुणालाच धड जमला नाही.

सोमवारी दुपारी यामिलानं फळा मागवला. कासिनो हवानाच्या क्लबांत कसा रुजला, त्यात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे ताल कसे मिसळले, हे तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज बदलत गेला. नाच म्हणजे मजा असं आपण म्हणतो. तिच्या बोलण्यात तो ज्यांचं सगळं काढून घेतलं त्यांच्याजवळ उरलेला शेवटचा ऐवज होता. मग तिनं एकेका हुकुमाचा अर्थ फळ्यावर लिहिला. ‘दामे’ म्हणजे मला दे. आणि त्याखाली लिहिलं, ‘दीले के नो: तिला नाही सांग.’

दीड वर्ष मी ही चाल करत होते आणि नावाचा अर्थ कधी विचारला नव्हता. आम्ही कॉम्प्युटरवाले, हुकूम पाठ करतो, अर्थाच्या वाटेला जात नाही.

“कुणाला नाही सांगायचं?” डेक्लननं विचारलं.

“जोडीदारणीला,” यामिला म्हणाली. “माझी आजी सांगायची, चार लोकांत ती फार जवळ आली, तर तिला नाही म्हणायचं आणि पलीकडे न्यायचं. पण बघा,” तिनं ब्रीडला पुढे बोलावलं, चाल सावकाश करून दाखवली, “नाही म्हणायचं, हात सोडायचा नाही. हात सोडला तर ती भिंतीवर जाईल.”

सगळे हसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले.

आता सांगायलाच हवं. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात जाणाऱ्या खास विमानांत जागा मिळू लागली. आईच्या राहण्याची मुदत सरकार आपणहून वाढवत होतं, ती इथे राहू शकली असती. एका सकाळी ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “मले इथंच ठेव ना वो, उन्हाळ्यापर्यंत. मले काय लागते? एक खाट अन् ते गरम कपाट.” इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट ते हॉट प्रेस. आयर्लंडमध्ये आईला सगळ्यात आवडलेली वस्तू तीच. कपडे ऊबदार राहावेत म्हणून केलेल्या त्या कपाटात ती उडदाचे पापड वाळवायची. आमचे टॉवेल सहा महिने हिंगाचा वास घेऊन होते.

मी म्हटलं, “नाही गं आई. दादा वाट बघतोय. विमान मिळतंय तोवर जा.”

दादा वाट बघत होता हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. दोन खोल्यांचं घर, तीन लॅपटॉप, दिवसभर मोठ्या आवाजात चाललेल्या मालिका. मी आईला कंटाळले होते. हे मी संदीपलाही कधी सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे. विमानतळावर फक्त प्रवाशांना आत सोडत होते. दारात तिनं माझा हात धरला तो सोडेना, आणि गाडी हलवा म्हणून सुरक्षारक्षक हातवारे करत होता. मी हात सोडवून घेतला. सोडवून घेतला म्हणजे ओढूनच घेतला.

यामिलाच्या आजीचं अर्धं शास्त्र मी पाळलं होतं. नाही म्हटलं होतं.

मंगळवार

सकाळी सहा वेळा ‘दीले के नो’ आलं आणि सहा वेळा सगळे ओरडले. मी ओठ मिटून नाचत राहिले. यामिलानं एकदा माझ्याकडे रोखून पाहिलं.

संध्याकाळी शेंगदाण्यांएवढ्या काळ्या घेवड्याचा भात करायचा होता. भात आणि घेवडा एकाच भांड्यात, आमच्याकडच्या वालाच्या खिचडीसारखा. मी कांदा चिरत होते, पाठ चुलीकडे. एकाएकी लसणाचा आणि त्यावर जिऱ्याचा वास आला. मी गर्रकन वळले. कॉनेमारात, आयरिश गावहॉलच्या स्वयंपाकघरात, क्यूबाची बाई तेलात जिरं टाकत होती.

“तुमच्याकडे जिरं?” मी विचारलं.

“घेवड्यात जिरं नसेल तर माझी आई जेवत नाही,” ती म्हणाली. तिची आई सांतियागोला असते. यामिला दोन वर्षं घरी गेली नव्हती. फोन लागावा म्हणून ती रोज सकाळी हॉलमागच्या दगडी कुंपणावर चढून उभी राहायची आणि बहुतेकदा तशीच खाली उतरायची.

जेवण उत्तम होतं. मांस खाणाऱ्यांसाठी वेगळं भांडं होतं, माझ्यासाठी तळलेली कच्ची केळी. मी दोनदा भात घेतला. आई गेल्यानंतर जेवण बेचव लागत होतं असं नाही, पण जेवताना माझं लक्ष कुठल्याच घासाकडे नसे. त्या दिवशी होतं.

जेवणानंतर ब्रीडनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जांभळ्या लोकरीचे पायमोजे, टाचेशी दुहेरी विणलेले. “हे तुझ्या मॅमला पाठव. सगळा लॉकडाउन ती बिचारी गार फरशीवर अनवाणी नाचली. पाऊल उचलून पडद्यावर दाखवायची आणि मला घरबसल्या थंडी वाजायची.”

मी पायमोजे हातात घेतले. म्हणायचं होतं, थँक यू. तेवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“ब्रीड,” मी म्हणाले, “माझी आई एप्रिलमध्ये गेली.”

“कुठे गेली?” तिला नीट ऐकू आलं नव्हतं.

मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. “वारली. आई वारली, ब्रीड. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

टेबलावरची डॉमिनोची खटखट थांबली. ब्रीडनं माझ्याकडे पाहिलं आणि मग, तेव्हाचे सगळे नियम खुंटीला टांगून, मला जवळ ओढलं. तिचं डोकं माझ्या गळ्यापर्यंतच येत होतं. मी एप्रिलपासून रडले नव्हते. नागपूर इतकं लांब, सगळं फोनच्या पडद्यावर; रडायचं कुठे आणि कुणाजवळ, तेच ठरत नव्हतं. मी त्या अनोळखी गावात, घेवड्याच्या खरकट्या ताटांमध्ये उभी राहून हुंदके देऊन रडले.

ब्रीड एवढंच म्हणाली, “मोजे तूच ठेव. तुझे पाय तिच्यासारखेच असतील.”

बुधवार आणि गुरुवार

मला वाटलं, सांगितलं म्हणजे सुटले. बुधवारी सकाळी यामिलानं हुकूम सोडला, “दीले के नो!”

कुणी ओरडलं नाही.

माणसं चांगली होती. त्यांनी आपापसात ठरवलं असणार. डेक्लन तर तोंड इतकं घट्ट मिटून नाचत होता की जणू दात दुखतोय. प्रत्येक वेळी ती चाल आली की हॉलमध्ये नुसता बुटांचा आवाज. आणि मला कळून चुकलं, हे ओरडण्यापेक्षा वाईट आहे. आधी आईचा शब्द पंधरा तोंडांतून येत होता आणि मला टोचत होता. आता तो कुठूनच येत नव्हता. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी मीच सगळ्यांना गप्प बसवलेलं.

बुधवारी पाऊस थांबलाच नाही. गुरुवारी दुपारी उघडीप मिळाली तशी यामिला आम्हाला समुद्रावर घेऊन गेली. क्यूबात समुद्राला देवी मानतात, येमाया. निळ्या-पांढऱ्या झग्याची, सगळ्यांची आई. तिचा नाच म्हणजे झग्याचा घेर हातांनी हलवायचा, आधी लाट हळू, मग मोठी. आमच्याकडे झगे नव्हते. रेनकोटांच्या टोकांनी आम्ही लाटा केल्या. वाटेवरच्या काट्यांतली ब्लॅकबेरी तोडून आणली होती, ती यामिलानं पाण्यात सोडली. मला आमच्या कोळिणी आठवल्या, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या. देवी बदलते, पण पाण्याला काहीतरी दिल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाही.

दादानं नागपुरात रोज तर्पण चालवलं होतं. मी ओंजळभर पाणी घेतलं आणि सोडलं. मंत्र मला येत नाहीत. दक्षिण कुठली तेही आभाळामुळे कळत नव्हतं. “आई” एवढं म्हटलं, आणि तेवढ्यात आलेली लाट गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. नाचाचे बूट पायातच होते. त्यांचा पार लगदा झाला.

शुक्रवार

शेवटच्या सकाळी कॉर्कच्या बाईला घरून फोन आला. तिच्या नवऱ्याची चाचणी पॉझिटिव्ह. तिची स्वतःची चाचणी ठीक निघाली, तरी आमच्या काळजीनं ती लगेच गाडी मागवून निघून गेली. बारा वाजता गावातले लोक रुएदा बघायला येणार होते आणि आमच्या आठ जोड्यांतली एक बाई कमी झाली.

“मी घेऊ का तिची जागा?” हॉलचे आजोबा म्हणाले. पण त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून यामिलानं त्यांचे आभार मानले.

“जागा रिकामी राहील,” ती म्हणाली. “हवानातही असं होतं. आम्ही त्या जागेला फांतास्मा म्हणतो, भूत. ‘दामे’ म्हटलं की चाकात प्रत्येकजण पुढे सरकतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एकदा ती रिकामी जागा येणार. ती गाळायची नाही. गाळली तर चाक मोडतं. समोर कुणी आहे असं धरून पूर्ण चाल करायची.”

पितृपक्षात भूत हा शब्द मला नको वाटला. पण माझ्यापुढे वेगळीच अडचण होती. बूट अजून ओले होते. बॅगेत दुसरं काही सापडेना. शेवटी जांभळे पायमोजे काढले आणि घातले. बरोबर बसले. मेणाच्या किसावर ते बुटांपेक्षा छान सरकत होते.

गावातले वीसेक लोक भिंतीलगत अंतर राखून उभे राहिले. संगीत लागलं. आम्ही फिरू लागलो. दामे, पुढची जोडीदारीण. दामे, त्यापुढची. माझ्यापुढे डेक्लन होता. त्याच्या वाट्याला रिकामी जागा आली तेव्हा त्या सहा फूट चार इंचाच्या माणसानं हवेला इतक्या अदबीनं हात दिला की कुणाला हसू आलं नाही. पुढची पाळी माझी.

“दामे!”

मी पुढे सरकले. समोर कुणी नव्हतं. खुली खिडकी, तिच्यापलीकडे दगडी कुंपण. उजवा हात जोडीदारणीच्या पाठीवर ठेवल्यासारखा उचलला तेव्हा माझ्या हाताला आईची उंची पाठ होती. तो कमरेच्या जरा वर जाऊन आपोआप थांबला.

“दीले के नो!” यामिला ओरडली.

सगळ्यांची तोंडं मिटलेली. नुसते बूट वाजत होते. मी तिला समोरून डावीकडे नेलं, पहिलं पाऊल, दुसरं पाऊल. नाही म्हणायचं, हात सोडायचा नाही. मला ऑक्टोबर आठवला, विमानतळाचं दार आठवलं. आणि हेही आठवलं की स्वयंपाकघरात सात महिने यामिला ‘तिला नाही सांग’ म्हणत होती आणि दर वेळी आई हसत हात पुढे करत होती. तिला कुणी शंभरदा नाही म्हटलं असतं तरी तिचं उत्तर एकच होतं. मी डावा हात पुढे केला, तळवा वर करून. आणि माझ्या तोंडून, आईच्याच सुरात, आईच्याच बोलीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं गेलं:

“हो वो, देल्ला!”

माझा आवाज चिरकला. पाऊल मात्र चुकलं नाही.

“दामे!” यामिलाचाही आवाज सरळ नव्हता.

मी पुढे सरकले तर समोर ब्रीड. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मोजे पाहिले, आणि तिचा गार, हाडकुळा हात माझ्या हातात घट्ट ठेवला.

“दीले के नो!”

आणि या वेळी अख्खं चाक ओरडलं, “होवो देला!” भिंतीलगतचे गावकरीही, काय आहे ते न कळता. डेक्लनचा आवाज सगळ्यांत मोठा. एकटी ब्रीड मागे राहिली. तिला ऐकू कमी येतं. सगळे ओरडून झाल्यावर एक ठेका उशिरा ती ओरडली, आई ओरडायची तशीच.